चंद्रकला, ब्लूटूथ आणि "ए मासी, चा मूक!"

या वेळचं पत्र असं आहे. नाव आणि दोन-चार खुणा मी काढल्यात, बाकी त्याच्याच शब्दांत:

"ताई, नमस्कार. मी ३४ वर्षांचा, बडोद्याचाच, दांडिया बाजारात वाढलो, आता वाघोडिया रोडला राहतो. एका कंपनीत अकाउंट्सला आहे. लग्न झालंय, पाच वर्षांची मुलगी आहे. गेलं वर्षभर मी ड्रॅग करतो. म्हणजे बाईचं सोंग, पण गोड नाजूक बाई नाही, काळी लिपस्टिक, जाड बूट, मोठी नथ आणि काळी साडी काष्टा घालून. तिचं नाव लिलिथ ठेवलंय. शो छोटे असतात, ४०-५० लोक, सगळे अठराच्या वरचे. पहिला शो भारी झाला. दुसऱ्या शोला गाणं चालू असताना ब्लूटूथ गेलं. एकदम शांतता. मी हात वर करून तसाच उभा. मागून एक पोरगा ओरडला, 'ए मासी, चा मूक!' (मावशी, चहा ठेव!) सगळे हसले आणि मी सरळ आत पळालो, परत बाहेर आलोच नाही. तेव्हापासून तयार होऊन आरशात बघितलं की बाई दिसत नाही, साडी नेसलेला अकाउंट्सवाला दिसतो. तीन आठवड्यांनी परत शो आहे आणि मी हो म्हणून बसलोय. कॉन्फिडन्स कुठून आणू? बायकोला फक्त 'नाटकाच्या तालमी' एवढंच माहितीये. साडी तिचीच होती, सहावारी, पिनेपाशी फाटली, मी घडी करून परत कपाटात ठेवली. आणि रात्री झोप नाही आली की वाटतं, मी नक्की आहे तरी काय. नाव छापू नका."

अरे बाबा.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या चहापाशी येऊन मला हसू आलं, राग मानू नकोस. पण मग मला वाटलं की तू त्या पोराचं वाक्य नीट ऐकलंच नाहीयेस. तो काय म्हणाला? मासी म्हणाला. त्याला जर स्टेजवर अकाउंट्सवाला दिसत असता तर तो "ओ भाई, शुं थयुं" असं काहीतरी ओरडला असता. त्याने एका मावशीला हाक मारली, म्हणजे गाणं बंद पडलेलं, तुझे हात हवेत, तोंड उघडं, आणि तरी त्या शेवटच्या रांगेतल्या टारगट पोराला बाई दिसत होती. ती गायब कधी झाली, तर तू तिला तिथे एकटी टाकून आत पळालास तेव्हा.

आणि पळालास का, तर लिलिथला उत्तर देता येईना. कसं येणार? लिलिथला गुजराती येतं का? ती चहा करते का? दूध कुठून आणते, सोसायटीत भांडण कुणाशी आहे, काही माहीत नाही. तू तिला कपडे दिलेस, लिपस्टिक दिलीस, बूट दिलेस आणि एक लांबचं नाव दिलंस जे तू कुठेतरी वाचलेलं असणार. घर दिलं नाहीस. मग गाणं चालू आहे तोवर ठीक, गाणं बंद पडलं की तिच्याकडे बोलायला काहीच नाही.

मी तीसेक वर्षं इथल्या हौशी मराठी नाटकांना मेकअप आणि कपडे करून दिलेत, त्यामुळे स्टेजवर घाबरलेली माणसं मी विंगेतून फार जवळून बघितलीत, आणि एकदा तर मीच होते. आमचा हवालदार ऐनवेळी तापाने पडला, दुसरं कुणी नाही, मला मिशी चिकटवून उभं केलं. गोंद जुना होता. पहिल्याच एंट्रीला मिशीचं डावं टोक सुटलं आणि मी एका बोटाने ते दाबून धरलं, आणि ते बोट काही खाली येईना, दुसऱ्या हातात दंडा, डायलॉग चाललेत. समोरचा नट जुना होता, त्याने थांबून विचारलं, "साहेब, दात दुखतोय का?" आणि मी म्हटलं, हो, तीन दिवस झाले. बस. पुढचा सगळा सीन मी दात दुखणारा हवालदार केला, चोरावर खेकसायचं ते कण्हत कण्हत, आणि तोपर्यंत जे पाय लटपटत होते ते थांबले कारण माझ्याकडे करायला काम आलं. त्याआधी मी फक्त "पुरुष दिसतेय का मी" हाच विचार करत होते. तुझंही तेच चाललंय रे, उलट्या बाजूने.

म्हणून "मी बाई दिसतो का" हा प्रश्न तू सोडून दे. तुझ्या हॉलमधल्या ४० लोकांना तू पुरुष आहेस हे तिकीट काढतानाच माहीत असतं. बालगंधर्व पुरुष आहेत हे काय लोकांना माहीत नव्हतं? १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले, १९१३ मध्ये स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली, सयाजीराव महाराजांचा त्यांना राजाश्रय होता, म्हणजे आपल्या गावाने तर हे फार जवळून बघितलंय. माझी आजी सांगायची की बायका नाटकाला जायच्या त्या साडी कशी नेसलीय आणि अंबाडा कसा घातलाय ते बघायला, आणि दुसऱ्या दिवशी घरी तसाच घालायचा प्रयत्न करायच्या. बाईने पुरुषाकडून अंबाडा शिकायचा! फसवणूक कुठेच नव्हती, समोर बसलेला आणि स्टेजवर उभा असलेला, दोघांचा करार होता. पुढे वय झालं, अंग सुटलं, तरी ते बायकांच्या भूमिका करत राहिले आणि लोक येत राहिले.

गुजराती रंगभूमीवर त्याच काळात जयशंकर सुंदरी होते. मूळ नाव जयशंकर भोजक, १९०१ मध्ये 'सौभाग्य सुंदरी' नावाच्या नाटकात सुंदरीचं काम केलं, तेव्हा वय जेमतेम बारा, आणि लोकांनी ते नावच त्यांना चिकटवून टाकलं, मरेपर्यंत सुंदरी. म्हणजे एका भूमिकेने माणसाचं आडनाव खाल्लं. त्यांच्याबद्दल मला आवडतं ते हे की ते बायकांचं निरीक्षण करायचे, खऱ्या बायकांचं, कशी बसते, कशी उठते, पदराचं काय करते. दोघांनाही पुढे पद्मभूषण मिळालं, बालगंधर्वांना १९६४ मध्ये आणि सुंदरींना १९७१ मध्ये, त्यामुळे कुणी तुला म्हणालं की हे आपल्याकडचं नाही, बाहेरून आलंय, तर हसून सोडून दे. इथल्या भवाईत, म्हणजे गुजराती लोकनाट्यात पण बाईचं काम करणारा पुरुषच असायचा, त्याला कांचळिया म्हणायचे.

पण एक आहे. हे दोघं आदर्श बाई उभी करत होते. घरंदाज, सोशिक, सुंदर, त्या काळच्या पुरुषांना आणि बायकांना जशी हवी तशी. तुला ते करायचंच नाहीये, तू स्वतःच लिहिलंयस, गोड नाजूक नाही. मग त्यांच्या मापाने स्वतःला कशाला मोजतोस? काळी लिपस्टिक आणि बूट घातलेल्या बाईला सुंदर दिसण्याची परीक्षा नसते, तिची परीक्षा वेगळी, ती जागा अडवते की नाही. कोपरं बाहेर काढून रिक्षात बसणारी बाई तू बघितली असशील ना, तिसरं माणूस बसूच शकत नाही शेजारी. ती.

आता तिला घर देऊ.

मला तुझी काळी साडी वाचून काय आठवलं सांगते. माझी आजी संक्रांतीला काळी चंद्रकला नेसायची. तुला माहितीये इथे कसं असतं, तिकडे महाराष्ट्रात संक्रांत म्हणजे हळदीकुंकू, वाण, आणि आपल्याकडे सकाळपासून सगळं गाव गच्चीवर. तर आजी हळदीकुंकवाची सगळी तयारी करून, नथ घालून, ती काळी साडी नेसून वर यायची, फिरकी धरायची, आणि समोरच्या गच्चीवरच्याची पतंग कापली गेली की पदर खोचून, कठड्यावर एक पाय ठेवून अशी बोंब मारायची, "काप्यो छेऽऽ!" की खालची गाय दचकायची. सत्तरीची बाई. गळ्यातल्या शिरा ताठ. मग लगेच पदर खांद्यावरून घेऊन खाली, तिळगूळ घ्या गोड बोला. अरे, याहून अल्टरनेटिव्ह, चौकटीबाहेरचं काय पाहिजे तुला? काळी साडी, नथ, बोंब, आणि बूट तेवढे तुझे.

तुला माझी आजी दिली असं नाही म्हणत, तुझ्याकडे तुझी कुणीतरी असेल. दांडिया बाजारात वाढलास म्हणजे वाड्यातली एखादी तरी असणारच जिच्या तोंडी कुणी लागत नसे. तिचे हात आठव. ती उभी राहायची तेव्हा वजन कुठल्या पायावर? पैसे कुठे ठेवायची, कमरेला की ब्लाउजमध्ये की स्टीलच्या डब्यात? कुणाचे पैसे बुडवले होते? गुजराती कसं बोलायची, आपल्या बायकांचं ते खास मराठी हेल काढलेलं गुजराती? हे सगळं वहीत लिही, अकाउंट्सवाला आहेस, एक खातं उघड तिच्या नावाने. नाव तू बदलावंस असं मला वाटतं, चंद्रकला हे नाव काही वाईट नाही, साडीचं नाव आणि बाईचं नाव एकच, पण लिलिथच ठेवायचं असेल तर ठेव, फक्त ती वाघोडिया रोडला कितव्या मजल्यावर राहते आणि लिफ्ट बंद पडली की कुणाच्या नावाने ओरडते ते तुला माहीत पाहिजे.

मग बघ. पोरगा ओरडला, ए मासी, चा मूक. चंद्रकला मान वळवणार, सावकाश, कारण तिला कसलीच घाई नाही, आणि म्हणणार, "मूकुं छुं बेटा, दूध तुं लई आव." ठेवते बेटा, दूध तू घेऊन ये. आणि तो गप्प बसेपर्यंत त्याच्याकडे बघत राहणार. हे वाक्य मला सुचलं म्हणून तू पाठ करू नकोस, पुढच्या वेळी तो चहा म्हणणारच नाही, दुसरंच काहीतरी म्हणेल. बाई पक्की असली की वाक्य तीच देते.

एक गोष्ट मात्र नको. साडी नेसलेला पुरुष म्हणजे आपोआप विनोद, पॅडिंग खाली घसरलं की हशा, बेसूर किंचाळलं की हशा, टीव्हीवर चालतं ते. त्या हशाची सवय लागते आणि मग त्यात बाई उरत नाही, बाईची टिंगल उरते. ४० लोकांत निम्म्या बायका असतील तर त्यांना ते बरोबर कळतं, आणि त्या परत येत नाहीत.

आता हात. तू लिहिलंस हात वर करून तसाच उभा राहिलो. सगळी भीती हातात येते, गळ्यात नंतर. हाताला वस्तू दे. पर्स, फिरकी, पंखा, छत्री, अडकित्ता, तिच्याकडे जे असेल ते, पण खरं वापरायचं, शोभेला नाही. अडकित्त्याने खरोखर सुपारी कातरणारी बाई गाणं बंद पडल्यावर दोन मिनिटं नुसती सुपारी कातरत उभी राहिली तरी लोक बघत बसतील.

आवाज चिरका काढू नकोस, तुझाच ठेव, फक्त हळू बोल आणि वाक्याचा शेवट गिळू नकोस. बूट घरी घालून आत्तापासूनच चाल, फरशीवर, जिन्यावर, भाजी चिरताना सुद्धा. टाच आहे का त्याला? असेल तर जाड टाच घे, बारीक टाचेवर लाकडी स्टेजच्या फटीत पाय अडकलेली माणसं मी उचललीत.

लिप-सिंकबद्दल, म्हणजे वाजणाऱ्या गाण्यावर ओठ हलवण्याबद्दल, एकच. शब्द सगळ्यांचे पाठ असतात, श्वास कुणाचाच नसतो. गाणारी जिथे श्वास घेते तिथे तू घेतलाच पाहिजे, खांदे हलले पाहिजेत, नाहीतर ओठ कितीही बरोबर हलले तरी ते कोळी जाळ्यात माशी चघळतोय तसं दिसतं. हेडफोन लावून गाणं ऐक आणि नुसते श्वास मोज, कागदावर खुणा कर. कंटाळवाणं काम आहे पण दोन दिवसांत फरक दिसतो.

आणि ब्लूटूथ बंद. वायर लाव. गाणं फोनमध्ये डाउनलोड केलेलं, फोन एअरप्लेन मोडवर, दुसऱ्या कुणाच्या तरी फोनमध्ये एक कॉपी. तुझा निम्मा कॉन्फिडन्स ५० रुपयांच्या वायरीत आहे हे सांगायला मला जरा संकोच वाटतोय पण आहे.

तालीम मात्र मी सांगते तशी कर. पूर्ण कपड्यात, पूर्ण मेकअपमध्ये, निदान तीन वेळा, आणि एखाद्या मित्राच्या हातात फोन दे आणि त्याला सांग, मनात येईल तिथे गाणं बंद कर. कधी करणार ते मला सांगू नकोस. आणि बंद केल्यावर काहीतरी वाईट ओरड. पहिल्या वेळी तू परत गोठशील. दुसऱ्या वेळी हसशील, म्हणजे तू हसशील, ती नाही, हरकत नाही. चौथ्या-पाचव्या वेळेला ती बोलायला लागेल. तोवर गाणं बंद पडण्याची भीती जी आहे ना ती साधारण लाइट जाण्याच्या भीतीएवढी होते, वैताग येतो, घाबरायला होत नाही. एंट्रीच्या आधी तोंड कोरडं पडणार, हृदय धडधडणार, ते मरेपर्यंत जात नाही, मी मोठ्या मोठ्या नटांचे गार हात धरलेत. श्वास सोडताना लांब सोड, घेतोस त्याच्या दुप्पट, पाच-सहा वेळा. पाण्याचा एक घोट. आणि विंगेत शिरताना तूच चंद्रकला हो, स्टेजवर जाऊन होऊ नकोस, पडदा उचलणाऱ्या पोराशी सुद्धा तिच्यासारखं बोल.

आरशाचं म्हणशील तर तू चुकीच्या अंतरावरून बघतोयस. हा मेकअप दहा फुटांवरून बघायचा असतो, आणि बाथरूमच्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली वीतभर अंतरावरून तर कुणीही भयानकच दिसेल, बालगंधर्व सुद्धा दिसले असते. मित्राला दहा फूट लांब उभं करून फोटो काढायला सांग, पिवळ्या लाइटमध्ये. दाढीची निळसर छटा दिसते म्हणून तुला अकाउंट्सवाला दिसत असणार, बरोबर? त्याला फाउंडेशनचे थर चढवू नकोस, राखाडी होतं. दाढी गुळगुळीत कर, तासभर त्वचा शांत होऊ दे, मग निळसर भागावर नारिंगी करेक्टर अगदी पातळ, बोटाने थापत, घासायचं नाही. त्यावर पावडर. मग फाउंडेशन. निळ्यावर नारिंगी बसलं की निळं मरतं. भुवया झाकायच्या असतील तर ग्लू स्टिक, केसांच्या दिशेने चापून बसवायची, वाळू द्यायची, परत एक थर, असं तीनदा, प्रत्येक थराला पावडर. घाई केलीस की घामाने फुगून वर येतं आणि मग कपाळावर सुरवंट. खांदे रुंद वाटतात तर खांदे लपवू नकोस, कंबरेला फोम वाढव, सोफ्याचं काम करणाऱ्याकडे मिळतो, कडा कातरून उतरत्या करायच्या, वरून दोन घट्ट टाइट्स. रात्री सगळं खोबरेल तेलाने काढ, साबणाने रगडू नकोस.

आपल्याकडच्या प्रेक्षकांचं एक वेगळंच आहे, तुझ्या लक्षात आलं असेल. मुंबई-बेंगलोरला असले शो पबमध्ये होतात, लोक दोन पेग मारून बसलेले, सगळ्याला टाळ्या. गुजरातेत दारूबंदी, म्हणजे तुझा प्रेक्षक कोल्ड कॉफी पिऊन पूर्ण शुद्धीत बसलाय, त्याला सगळं दिसतं. तो हसला तर खरा हसला असं समज. तिथे जमलं तर कुठेही जमेल.

शो मोठ्यांचा आहे, बाई बोल्ड आहे, म्हणून तिला कुणीही हात लावावा असं नाही, हे मात्र आयोजकाशी आधी बोलून घे, स्पष्ट. प्रेक्षकांत तू उतरणार असशील तर कुठपर्यंत, कुणी कमरेला हात घातला तर कोण पुढे येणार, आणि तूही कुणाच्या मांडीवर बसायच्या आधी त्याचा चेहरा बघ, त्याला नको असेल तर कळतंच. दारावर वय बघणारा माणूस खरंच वय बघतो का ते पण बघ. आणि फोन. शूटिंग बंद म्हणून सांगता येतं, फोनवर स्टिकर लावायला लावणारे लोक पण आहेत, पण ४० लोकांत एक जण काढणारच. हे गृहीत धर. तुझा व्हिडिओ कुणाच्या तरी फोनमध्ये ऑलरेडी आहे, मासी चा मूकवाला.

आणि म्हणून बायको.

तुला वाटतंय तिला माहीत नाही. अरे, कपाटातली साडी आपण ठेवलेल्या घडीवर नाहीये हे बाईला दार उघडल्या उघडल्या कळतं. शिवाय तू फाटलेली ठेवलीस. सहावारीचा काष्टा घालायला गेलास तू, तुझ्या उंचीला, साडेपाच मीटरमध्ये, मग ती ताणून पिनेपाशी फाटणार नाही तर काय! काष्ट्याला नऊवारी लागते, जवळजवळ सव्वाआठ मीटर, आणि नाचायचं असेल तर सरळ मापाने शिवून घे, शिवलेली नऊवारी आता सगळीकडे मिळते, खाली पायांना मोकळीक राहते आणि पिनाच लागत नाहीत. तर तिने ती साडी बघितली असणार, आणि ती गप्प आहे म्हणजे तिने स्वतःशीच काहीतरी अर्थ लावलाय. लिपस्टिकचा डाग, परफ्यूम, रात्री उशिरा येणं, नाटकाच्या तालमी आणि नाटक तर कधी होतच नाही. मी तिच्या जागी असते तर माझ्या डोक्यात दुसरी बाई आली असती. एका अर्थाने आहेच म्हणा.

तिला सांग. शोच्या आधी सांग, शो झाल्यावर कुणीतरी तिला फॉरवर्ड पाठवेल त्याच्या आधी. घरात दुसरं कुणी नसताना, मुलगी झोपल्यावर, आणि "मला तुला काहीतरी महत्त्वाचं सांगायचंय" असं करून तिचं काळीज थांबवू नकोस, साडीपासून सुरू कर. साडी मी फाडली, मी नेसलो होतो. मग ती जे विचारेल त्याची उत्तरं दे. ती चिडेल, ती रडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही, कदाचित हसेल, मला माहीत नाही, मी तिला ओळखत नाही. मला एवढंच माहितीये की लपवणारा माणूस स्टेजवर उभा राहतो तेव्हा त्याचा एक कान कायम दाराकडे असतो, आणि तुझ्या त्या बाईला तो कान स्टेजवर हवा असतो.

रात्रीच्या प्रश्नाचं काय म्हणशील, मी नक्की आहे तरी काय. मला पत्रावरून सांगता येणार नाही आणि जो कोणी पत्रावरून सांगेल त्याच्यापासून लांब राहा. बाईचं सोंग घेणारे कितीतरी पुरुष सोंग उतरवून घरी जाऊन वरणभात खातात आणि विषय संपतो. अहमदाबादला शहापूरच्या सदु माताच्या पोळात, म्हणजे तिथल्या जुन्या गल्लीत, दरवर्षी नवरात्रातल्या अष्टमीला पुरुष साड्या नेसून गरबा करतात, नवस म्हणून, त्यांना कुणी काही विचारत नाही. काहींना मात्र सोंग उतरवताना जीवावर येतं, आणि ते त्यांना त्यांच्याबद्दल काहीतरी सांगत असतं. तुला मेकअप पुसताना कसं वाटतं ते बघत राहा, वर्षभर नुसतं बघत राहा, घाईने नाव देऊ नकोस. फारच त्रास व्हायला लागला तर चांगल्या काउन्सेलरकडे जा, आणि राजपीपळ्याच्या मानवेंद्रसिंह गोहिलांच्या लक्ष्य ट्रस्टचं समलिंगी आणि ट्रान्सजेंडर लोकांसाठीचं काम गुजरातेत २००० सालापासून आहे, त्यांना असले प्रश्न नवीन नाहीत. कायद्याची भीती मनात असेल तर सोंग घेणं हा गुन्हा नाही, आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या कलम ३७७ बद्दल म्हणत असशील तर सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला मोठ्या माणसांनी आपखुशीने ठेवलेले संबंध त्यातून बाहेर काढले.

तीन आठवडे आहेत. पहिला आठवडा वही आणि बूट, दुसरा श्वास आणि मित्राचं गाणं बंद करणं, बायकोशी बोलणं याच्या मधे कुठेतरी, जमेल तितक्या लवकर. शिंप्याकडे उद्याच जा, कारण आपल्याकडचे शिंपी "परमदिवसे आपी दईश", परवा देतो, असं म्हणतात तेव्हा दहा दिवस धर.

आणि ती फाटलेली साडी रफूला द्यायची आहेच, मांडवीकडे बारीक रफू करणारे अजून आहेत. पण तिला सांगितल्यावर दे, आधी नको. दोघं मिळून जा हवं तर. आणि रफूवाल्याने विचारलं एवढी कशी फाटली, तर काय सांगायचं ते तिला ठरवू दे, साडी तिची आहे.